सात लिटर

सर्व्हिस सेंटरमधल्या पोरानं
अंदाजपत्रक माझ्या हातात दिलं
आणि समजावलं माझ्या ड्रायव्हरला.
एकतीस हजार चारशे. नुसतं तेल आणि फिल्टर.
मी म्हटलं, बरं.
आणि सव्वादोन टनांचं ते धूड, सेकंडहँड, जर्मन,
खामल्याला परत आणलं.

बावीस वर्षं दात काढते आहे.
अक्कलदाढ मुळाशी कुठे वाकलीय
हे बोटांना दिसतं माझ्या,
एक बोल्ट नाही दिसणार?

पण आधी तेल.
कॉटन मार्केटमागच्या दुकानात डब्यांची रांग,
सगळे सोनेरी, सगळे सिंथेटिक,
सगळ्यांवर बर्फाचा डोंगर.
शून्य डब्ल्यू चाळीस की पाच डब्ल्यू चाळीस?
डब्ल्यू म्हणजे हिवाळा, दुकानदार म्हणाला.
आपल्याकडचा हिवाळा!
अधिवेशनाला येतो, भत्ता उचलतो
आणि आठ दिवसांत जातो.
मागचा आकडा पाहा बाई, तो म्हणाला, तापल्यावरचा.
बाहेर सेहेचाळीस होतं. ते समजायला वेळ लागला नाही.

डबा उलटा केला.
मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत,
गाडीच्या पुस्तकातला मंजुरीचा आकडा
जुळला, शेवटच्या टिंबापर्यंत.
डोंगर काय, कोणीही छापतो.

रविवार, पहाटे साडेपाच.
इंजिन दहा मिनिटं चालवलं, बंद केलं,
पुढची चाकं लोखंडी उतरंडीवर,
मागच्या चाकांना विटा.
कंपाउंडपलीकडून बोकडेकाका, मोतीबागेत फिटर होते, रिटायर्ड:
"काऊन वो डॉक्टरीण, मेकॅनिक मेले का सारे?"
"जिवंत आहेत काका. म्हणूनच."

मग मी उताणी झाले.
आयुष्यभर लोक माझ्यासमोर असे पडलेत,
आ वासून, खुर्चीचा हात घट्ट धरून,
आणि मी म्हणत आले, काही नाही, दोन मिनिटं.
खालून कळतं
दोन मिनिटं केवढी असतात.

बोल्ट हलला. तेल आलं,
पावशीपेक्षा लवकर, मनगटावरून कोपरापर्यंत,
कोमट, काळं,
जुन्या तव्याच्या वासाचं.
बोल्टाला तांब्याच्या दोन चकत्या चिकटलेल्या.
दोन. म्हणजे मागच्यानं जुनी काढलीच नव्हती,
तिच्यावरच नवी चढवली,
कीड तशीच ठेवून वर सिमेंट भरावं तशी.

फिल्टर वर, झाकणाखाली.
कागद कुजून चिखल झालेला.
टोपीवर छापलेली तारीख: पाच वर्षांपूर्वीची.
मी आत गेले, काळ्या हातांनी फाइल उघडली.
चार बिलं. चारही बिलांवर
"फिल्टर बदलला", शिक्का, सही,
आणि एकावर तर "धन्यवाद, पुन्हा या."
रागावले नाही. खोटं नाही सांगत.
असा एक्स-रे मी पाहिलाय,
रूट कॅनालचे पैसे भरलेला दात, आत रिकामा,
आणि समोर बसलेली बाई विचारते,
मग मॅडम, त्यांनी काय केलं होतं?
मी तेव्हा म्हटलं होतं, असू द्या.
तो डॉक्टर माझ्या ओळखीचा होता.

"नवी चकती घे. आंगठ्यानं लाव पयले,
पाना मंग," कंपाउंडवरून हुकूम आला.
अंगठ्यानं लावली.
मग पाना, तीसवर. टक्.
सात लिटर मोजून ओतलं, मधासारखं,
पडद्यानं सांगितलं: पातळी योग्य.

जुनं तेल काकांनी मागितलं, फाटकाच्या लाकडाला,
उधई लागलीय म्हणे.
निम्मं दिलं. उरलेलं कॅनमध्ये, भंगारवाल्यासाठी.
नालीत सोड, ड्रायव्हर म्हणाला होता,
जाते नाग नदीत.
त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

रात्री गाडीखाली पेपर पसरला.
दोनदा उठून टॉर्च मारला. नवरा हसला, झोपला.
सकाळी पेपरवर, विवाहविषयकच्या रकान्यात,
एक ओला डाग.
काळजात धस्स. बसले गुडघ्यांवर,
बोट लावलं, वास घेतला.
पाणी.
वरच्या मजल्यावरचा कूलर गळतोय.

आज पहिल्याच पेशंटनं ग्लोव्हज घालताना
माझी नखं पाहिली.
काही विचारलं नाही.
मी म्हटलं, आ करा.